घाट चढलो, पण उतरलोच नाही : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य टाकलं होतं, की सह्याद्री हा डोंगर कमी आणि कड जास्त आहे. झालं, पोस्टमनने या वेळी नेहमीपेक्षा जाड गठ्ठा आणून दिला आणि मोबाईलवर आले ते वेगळेच. एका गृहस्थांनी तर चक्क रागावून लिहिलंय की सर, रायगड-राजगड काय कडेवर बांधलेत का. अहो रागावू नका, रायगडावर मीसुद्धा पोरांच्या सहली घेऊन सात वेळा गेलोय. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे जे लिहितो ते फळ्यावर लिहिल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या. या वेळी सगळे प्रश्न डोंगराचे आणि ज्वालामुखीचेच घेतलेत, खताचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न : मी मूळचा लांज्याचा, नोकरी कोल्हापूरला. महिन्यातून दोनदा आंबा घाटातून येणंजाणं असतं. साखरपा सोडलं की गाडी दुसऱ्या गिअरवर, कानात दडे बसतात, वर आंब्याला चहा होतो. पण पुढे मलकापूर, कोल्हापूर, कुठेच तेवढा उतार लागत नाही. मुलीने विचारलं, "बाबा, चढलो तेवढं उतरलो कुठे?" मला काय सांगावं कळेना.

तुमच्या मुलीला माझ्यातर्फे एक शाबासकी द्या, कारण हा प्रश्न माझ्या अख्ख्या नोकरीत मला दोन की तीन पोरांनी विचारला असेल. उत्तर एका ओळीत सांगायचं तर तुम्ही उतरलातच नाही. कोल्हापूरच समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच आहे, पुणंही तेवढंच. तुम्ही चढता ते डोंगरावर नाही, तुम्ही जोत्यावर चढता.

घराचं जोतं डोळ्यापुढे आणा. अंगणात उभं राहून बघितलं तर जोतं उंच, चार पायऱ्या चढाव्या लागतात. माजघरात बसलेल्याला मात्र जोतं दिसतच नाही, त्याच्या दृष्टीने उंबऱ्यापर्यंत सगळं सपाट. आपण कोकणवाले अंगणातले आणि देशावरचे माजघरातले. आपली भाषा हे बरोबर ओळखून आहे बघा, आपण "घाटावर गेलो" म्हणतो, "घाटापलीकडे गेलो" असं फारसं कोणी म्हणत नाही, आणि तेही "खाली कोकणात" असंच म्हणतात. पलीकडे जायला दुसरी बाजू लागते ना, ती इथे नाहीच.

आता हे जोतं कसं झालं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याचं तपशिलात पुढच्या प्रश्नात सांगतो. महत्त्वाचं एवढंच की ते थर आडवे पसरले, अगदी शेणाने जमीन सारवावी तसे, आणि ते आजच्या किनाऱ्यापाशी थांबले नव्हते, आजच्या समुद्राच्या जागेवरही होते. मग त्याच सुमारास इथली जमीन फाटली. आफ्रिकेकडचं सेशेल्स बेट आहे ना, ते तेव्हा आपल्याला चिकटलेलं होतं, ते सुटून गेलं आणि मधे अरबी समुद्राचं पाणी भरलं. जमीन फाटताना पश्चिमेकडचा भाग खचला, वाकला. पनवेलच्या बाजूला लाव्हाचे थर आडवे नसून समुद्राकडे कललेले दिसतात ते यामुळे. म्हणजे एका बाजूला उंच पठार आणि दुसऱ्या बाजूला एकदम खोल पाणी, असा उभा कडा उरला.

आणि तो कडा सुरुवातीला आज आहे तिथे नव्हता, बराच पश्चिमेला होता. आपल्या नद्या तोकड्या, पण तापट. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, सगळ्यांना पन्नास-साठ किलोमीटरच्या आत डोंगरमाथ्यावरून खाडीत पोचायचं असतं, पाऊस बदाबदा, उतार तीव्र, त्यामुळे त्या मुळापाशी कडा कुरतडत मागे मागे सरकवत राहतात. मारळला मार्लेश्वरचा धबधबा बघितलाय का, जुलैत जा, त्या पाण्याचा आवाज ऐकलात की कडा मागे कसा सरकतो ते मला सांगायची गरज नाही. कोकणपट्टी म्हणजे या कड्याने सोडून दिलेली जागा. वर आपण म्हणतो डोंगर उभा राहिला. तो उभा राहिला नाही हो, त्याच्या पुढ्यातलं सगळं गेलं.

याचा पुरावा महाबळेश्वरला देवळातच आहे. पंचगंगेच्या देवळात पाच नद्या एका जागी दाखवतात. त्यातली सावित्री कड्यावरून खाली कोकणात उडी मारते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते, प्रवास शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. कृष्णा त्याच डोंगरात उगवते, समुद्र तिथून फक्त पासष्ट किलोमीटरवर, पण ती पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. कारण तिच्यासाठी जमीन पूर्वेकडेच उतरती आहे, अगदी हळूहळू. तुम्ही जो उतार शोधताय ना, तो हा. आंध्रपर्यंत पसरलाय, गाडीत बसून कळणार कसा.

कडा मागे सरकणं अजून थांबलेलं नाही हेही लक्षात असू द्या. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये गावावर डोंगर आला ते आपण विसरलेलो नाही. उभा उतार, खाली मुरलेला दगड, वर माती आणि दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, मग तो भार सुटतो. त्यात पायथा कापून रस्ते रुंद केले की आपणच त्याला हात लावून मदत करतो, हे माझं मत, पटो न पटो.

प्रश्न : मी आठवीत आहे, चिपळूणला. पुस्तकात लिहिलंय सह्याद्री ज्वालामुखीपासून बनलाय. मग ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे? आम्हाला बघायला जायचंय.

बाळा, तोंड नाहीच. चित्रात जो शंकूसारखा डोंगर आणि वरून धूर असतो तो ज्वालामुखीचा एक प्रकार, जपानचा फुजी तसा. आपल्याकडे झालं ते वेगळं, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा उतू गेला. दूध उतू जातं तेव्हा ते स्फोट होऊन उडत नाही, भांड्याच्या काठावरून शांतपणे ओट्यावर पसरतं, तसं. तो थंड व्हायचा, मधे कधी हजारो वर्षं जायची, वर माती तयार व्हायची, झाडं यायची, आणि मग परत भेग फुटायची. असं कितीतरी वेळा. आज उरलेला लाव्हाचा प्रदेश पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपला अख्खा महाराष्ट्र त्यात मावून वर मोकळी जागा उरते. महाबळेश्वरच्या बाजूला थरांची जाडी दीड किलोमीटरच्या वर जाते.

हे असलं उतू जाणं माणसाने मोठ्या प्रमाणावर बघितलं ते आइसलँडमध्ये लाकी नावाच्या जागी, १७८३ साली. सत्तावीस किलोमीटर लांब भेग, आठ महिने लाव्हा वाहत होता. त्या विषारी वायूने गवत खराब झालं, गुरं मेली, मग दुष्काळ पडला आणि त्या देशाची साधारण पाचवा हिस्सा माणसं गेली. आणि आपल्याकडच्या लाव्हापुढे लाकी म्हणजे समुद्रापुढे तांब्या.

तोंड नसलं तरी भेगा बघता येतात. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटीला गेलास तर खडकातून सरळ रेषेत काळ्या दगडाची भिंत गेलेली दिसेल, अगदी कोणी गडगा घातल्यासारखी. ती भेगेतच थिजलेला लाव्हा आहे. आणि चिपळूणहून कुंभार्ली घाटात जाशील तेव्हा बाबांना सांग गाडी सुरक्षित जागी थांबवायला (वळणावर नको). रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळा जाड थर, मग हातभर लाल पट्टा, मग परत काळा थर दिसेल. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या सुट्टीत तयार झालेली माती, वरून आलेल्या लाव्हाने भाजली. काळ्या थराच्या वरच्या बाजूला दगडात भोकं असतील आणि त्यात पांढरे खडे भरलेले असतील. ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची जागा. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे वर येतात ना, तसे येता येता अडकले.

या थरांची झीज सारखी होत नाही, मऊ थर आत जातो, कठीण थर पुढे राहतो, म्हणून सह्याद्री लांबून पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. या दगडाला इंग्रजीत ट्रॅप म्हणतात ते स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून. गडांना तासलेले कडे फुकटात मिळाले ते याच पायऱ्यांमुळे, तेव्हा ते रागावलेले गृहस्थ वाचत असतील तर त्यांनाही सांगतो, कड असणं हा काही अपमान नाही.

लाव्हा आला कुठून? बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात की हिंदी महासागरात आज रियुनियन बेट आहे तिथे पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येणारी एक जागा आहे आणि भारत तेव्हा सरकत सरकत त्यावरून गेला. पापड निखाऱ्यावरून सरकवला की एकामागे एक काळे डाग पडतात तसे डाग समुद्रात उमटलेत, लक्षद्वीप-मालदीवची रांग ही त्याच ओळीतली. रियुनियनचा ज्वालामुखी अजून जागा आहे. आणि तुला खरोखर धूर निघणारा आपल्या देशातला ज्वालामुखी बघायचा असेल तर तो अंदमानात, बॅरन बेटावर. दीडशे वर्षं गप्प होता, १९९१ ला परत जागा झाला. बेटावर उतरू देत नाहीत, बोटीतून लांबून बघायचा.

डायनोसॉर यामुळे मेले का, हे तू विचारलं नाहीस पण पुढचं पत्र तेच असणार. मेक्सिकोत उल्का पडली ती आणि आपला लाव्हा, दोन्ही एकाच सुमाराचे. उल्केचा वाटा मोठा असं बहुतेकांचं म्हणणं, लाव्हाने किती हातभार लावला यावर अजून भांडणं चालू आहेत.

प्रश्न : माझं माहेर तुरळजवळचं. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात लहानपणी आंघोळी केल्यात. सासरी सगळे म्हणतात खाली ज्वालामुखी आहे, कधीतरी फुटणार. खरं का?

नाही हो ताई, अगदी निर्धास्त राहा. आपल्याकडचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, एवढा वेळ कुठलीही चूल गरम राहत नाही. गरम पाण्याचं कारण वेगळं. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढत जाते, ढोबळ हिशोबाने दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून दीड-दोन किलोमीटर खाली गेलं की तापणारच, आणि दुसऱ्या भेगेतून झटकन वर आलं तर निवायला वेळ मिळत नाही. झटकन हा शब्द महत्त्वाचा, रेंगाळत आलं तर ते साधी विहीर होऊन येतं. पालघर-वज्रेश्वरीपासून तुरळ, राजवाडी, आरवली करत पार राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत ही कुंडं साधारण एका उत्तर-दक्षिण रांगेत आहेत, जमीन फाटली तेव्हाच्या खोल भेगा त्याच दिशेच्या आहेत. म्हणजे वरच्या प्रश्नातला कडा आणि तुमचं कुंड हे एकाच घरातले.

गावांची नावं पण बघा, उन्हवरे, उन्हाळे. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी हे आपल्या आजीला सांगावं लागत नव्हतं. पाण्याला गंधकाचा वास येतो, त्वचेला बरं म्हणतात, असेल. मी एकदा थेट उगमापाशी हात घालून बघितला आणि दोन दिवस बोटाला खोबरेल लावत बसलो, तेव्हा पोरांना आधी तिकडे जाऊ देऊ नका, पुढच्या कुंडात निवलेलं पाणी असतं तिथेच.

प्रश्न : घर बांधायला जांभ्याचे चिरे घेतलेत. गवंडी म्हणतो हा पण ज्वालामुखीचाच दगड. दिसायला तर लाल आणि जाळीदार. काळा दगड आणि हा एकच कसा?

गवंडी बरोबर बोलतोय, फक्त मधला एक जन्म सांगायचा राहिला. जांभा म्हणजे काळ्या दगडाचं उरलंसुरलं. लाखो वर्षं उष्ण हवा, पाऊस, परत ऊन, परत पाऊस. या सगळ्यात दगडातलं जे विरघळण्यासारखं होतं, वाळूचा अंश, चुन्याचा अंश, ते पाण्याबरोबर गेलं, आणि जे विरघळत नाही ते लोखंड आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं. लोखंड गंजलं, म्हणून लाल. गेलेल्याच्या जागा रिकाम्या, म्हणून जाळी. चहाची पावडर उकळून उकळून गाळणीत जो चोथा उरतो तसा हा डोंगराचा चोथा, फक्त चोथ्याचं घर बांधता येत नाही आणि याचं शंभर वर्षं टिकणारं येतं.

चिरेखाणीत गेलात तर एक गोष्ट करून बघा. नुकता काढलेला, ओलसर चिरा असतो त्याच्या कोपऱ्यावर नख किंवा चावी ओढा, चांगली रेघ उमटते. तोच चिरा दोन उन्हाळे अंगणात पडू द्या आणि मग चावी ओढा, चावीचंच टोक जाईल. हवा लागली की आतलं लोखंड आणखी घट्ट धरतं. म्हणून जुने लोक चिरे काढून एक-दोन वर्षं उन्हापावसात ठेवायचे आणि मगच भिंतीला घ्यायचे. आता सकाळी मशीनने कापला, दुपारी ट्रकमध्ये, संध्याकाळी भिंतीत, आणि मग कोपरे झडले की गवंड्याला शिव्या. तुम्हाला घाई नसेल तर निदान एक पावसाळा तरी थांबा. फ्रान्सिस ब्युकानन या इंग्रजांच्या अधिकाऱ्याने मलबारात लोकांना हाच दगड विटेसारखा कापताना बघितलं आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. म्हणजे शास्त्रातलं नावसुद्धा गवंड्याकडून आलंय.

आपले सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे उघडे सपाट कातळ, याच जांभ्याचे. सड्यावर पाणी ठरत नाही अशी बोंब असते, ती खरी, पण पाणी जातं कुठे हे बघा. जाळीतून खाली मुरतं, जांभ्याखाली चिकणमातीचा थर असतो तिथे अडतं आणि मग आडवं चालत सड्याच्या कडेला, जिथे उतार सुरू होतो तिथे झऱ्यासारखं बाहेर येतं. जुनी गावं, विहिरी, पाण्याच्या देवळी त्याच रेषेवर सापडतील. सड्याच्या मधोमध बोअर मारणाऱ्यांची पत्रं मला येतात, काय लिहू त्यांना. माझ्या स्वतःच्या चुलतभावाने मारली, पैसे गेले, आणि दोनशे पावलं खाली पणजोबांच्या विहिरीला मे महिन्यात पाणी होतं.

(बारसू, उक्षी, देवीहसोळच्या कातळशिल्पांचा कातळ तो हाच. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यावर एक अख्खा अंक होईल, इथे नको.)

प्रश्न : कोयनेला हादरे बसले की आमच्याकडे चिपळूणला भांडी वाजतात. म्हणजे डोंगर वाढतोय का?

नाही. हिमालय वाढतोय म्हणून हलतो, कोयनेचं तसं नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी मोठा धक्का बसला तेव्हा कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. मी तेव्हा लहान, पण घरातल्या सगळ्यांनी अंगणात थंडीत काढलेली पहाट आठवते, म्हशीने दावं तोडलं होतं. धरण १९६२ पासून भरायला लागलं आणि मग छोटे धक्के सुरू झाले, त्यामुळे धरणाच्या पाण्याने जमिनीतल्या जुन्या भेगांना निमित्त दिलं असं मानतात, आणि जगात या प्रकाराचं उदाहरण द्यायचं झालं की कोयनेचं नाव पहिलं घेतात. पाण्याचं वजन एक आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब दुसरा. ताण आधीपासून होताच, पाण्याने कडी काढली. नंतर तिथल्या गोठणे गावात तीन किलोमीटर खोल भोक पाडून बघितलं, तर हजार-सव्वा हजार मीटर लाव्हाचा काळा दगड आणि त्याखाली एकदम जुना ग्रॅनाइट जातीचा दगड लागला. हादरे त्या खालच्या दगडातून येतात.

तुमच्या वाशिष्ठीला बारा महिने पाणी आहे तेही कोयनेचं, हे माहीत असेलच. नैसर्गिक वाटेने ते पाणी कृष्णेला जायचं. आपण ते बोगद्यातून कड्याखाली सोडलं, पोफळीला वीज केली आणि मग वाशिष्ठीत. जोत्यावरचं पाणी अंगणात, त्या उडीचेच पैसे.

प्रश्न : परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण तयार झालं, हे तुम्ही नाकारता का? (दोन पत्रं, एक दापोली, एक लोटे)

मी कशाला नाकारू, परशुरामाच्या डोंगरावर आमचं दरवर्षी जाणं आहे. समुद्र इथे पुढे-मागे झालाय हे मात्र नक्की. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, पाणी आजच्यापेक्षा साधारण सव्वाशे मीटर खाली होतं आणि किनारा पार पश्चिमेला. मग ते चढलं. काही हजार वर्षांपूर्वी ते आजच्यापेक्षा किंचित वर असावं आणि मग उतरलं, कारण गुहागर-मुरुडकडे शिंपल्यांचा आणि वाळूचा जो घट्ट दगड मिळतो, ज्याला आपण करळ म्हणतो, तो काही ठिकाणी आजच्या भरतीच्या रेषेपेक्षा वर आहे. कथा ज्याने पहिल्यांदा सांगितली त्याने किनारा नीट बघितला होता, असं मला वाटतं.

प्रश्न : लांब कुठे ज्वालामुखी फुटला तर आपल्या पावसावर, आंब्यावर काही होतं का?

पावसावर होऊ शकतं, पण राखेमुळे नाही, वायूमुळे. राख जड, ती काही दिवसांत खाली बसते. गंधकाचा वायू मात्र स्फोट जोरात असला तर ढगांच्याही वर जातो, तिथे त्याचे बारीक थेंब होतात आणि ते वर्ष-दोन वर्षं उन्हाला आडवे येतात. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, जूनमध्ये बर्फ पडलं. १९९१ ला फिलिपाइन्समध्ये पिनातुबो फुटला तेव्हा जगाचं तापमान साधारण अर्धा अंश उतरलं. आपला मोसमी पाऊस जमीन समुद्रापेक्षा जास्त तापण्यावर चालतो, जमीन कमी तापली की वाऱ्याची ओढ कमी, आणि मोठ्या स्फोटांनंतर पाऊस ढिला पडण्याकडे कल असतो. २०२५ च्या नोव्हेंबरात इथिओपियातला हायली गुब्बी फुटला, त्याची राख वाऱ्याबरोबर गुजरात-दिल्लीवरून गेली, काही विमानं रद्द झाली. पण तेवढ्याने मोहोर गळला असं जर तुमचा बागवाला सांगत असेल तर आधी त्याला तुडतुड्याची फवारणी केली का ते विचारा.

आणि पावसाचं मुख्य कारण तर आपल्या पाठीशीच उभं आहे. ढग कड्याला अडून वर चढतात, थंड होतात, ओततात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सांगलीकडे पाच-सहाशे. त्या बाजूच्या शेतकऱ्याने आपल्या कड्याबद्दल काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : आम्ही मालवणचे. आमच्या समुद्रकाठचा खडक तुम्ही म्हणता तसा काळा नाही. आमचा सह्याद्री वेगळा की काय?

तुमचा खडकच वेगळा, आणि मानाने आमच्यापेक्षा लय मोठा. लाव्हाची चादर सिंधुदुर्गात संपते, वरच्या घाटाकडच्या अंगाला आणि उत्तरेला ती आहे, पण किनाऱ्यालगत तुमच्या पायाखाली जुना दगड उघडा आहे, त्यातला काही दोनशे कोटी वर्षांपेक्षा म्हातारा. रेडीचं लोखंड त्यातलंच. आमचा रत्नागिरीचा दगड तुमच्यापुढे कालचं पोर.

काळी वाळू मात्र आमची. रत्नागिरीला मांडवीच्या किनाऱ्यावर एक लोहचुंबक दोऱ्याला बांधून वाळूतून ओढा, दाढी आल्यासारखे काळे कण चिकटतील. लाव्हाच्या दगडातलं लोखंड, नद्यांनी आणलेलं. पोरांना तासभर गुंतवायला याच्यासारखा खेळ नाही, पण चुंबक घरी आणून मिक्सरजवळ झाडू नका, मी बोलणी खाल्लीत.

प्रश्न : हिमालय पण ज्वालामुखीचाच का?

नाही. तिथे भारताची जमीन आशियाच्या जमिनीवर जाऊन आदळली, पाचेक कोटी वर्षांपूर्वी, आणि मधल्या समुद्राचा तळ चुरगळून वर गेला. पुरावा तुमच्या देवघरात असेल. शाळीग्राम नेपाळातल्या गंडकीचा, आणि त्याच्या आत जे चक्र दिसतं ते समुद्रातल्या शंखासारख्या प्राण्याचं. एव्हरेस्टच्या टोकावरचा दगडही समुद्राच्या तळाचाच.

शेवटी, गुहागरच्या वाचकांना. तुम्ही पितळी डब्यात घालून, वर "उल्का, काळजीपूर्वक हाताळणे" असं लिहून जो दगड पाठवलात तो पोचला. उल्का नाही हो. जड आहे, काळा आहे, चुंबकाला धरतो, सगळं खरं, पण एका बाजूने फोडून बघितलं तर आत काचेसारखी चकाकी आणि कोळशाचा एक तुकडा अडकलेला निघाला. ते लोखंड गाळतानाचं कीट आहे, भट्टीतून बाहेर काढून टाकलेलं. तुमच्या आंब्याच्या कलमाखाली ते कसं आलं हा प्रश्न मात्र माझ्या उल्केपेक्षा जास्त कामाचा आहे, तेव्हा आजूबाजूला अजून तसले तुकडे, भाजलेली माती, खापरं असं काही मिळतंय का ते बघा आणि कळवा, पण जागचं काही हलवू नका, फोटो काढा आणि फोटोत शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. डबा परत पाठवतोय.